सरपंचाचे मानधन, आमदाराचे वेतन आणि घरच्यांच्या वाट्याला आलेला खर्च

निरगुडी

गेल्या महिन्यात माळ्यावरची आवराआवर करताना एक दोनशे पानी वही हाती लागली. पहिल्या पानावर वडिलांच्या अक्षरात ‘सरपंचपदाचा खर्च’ असे लिहिलेले असून खाली ऑक्टोबर २०१७ अशी नोंद आहे. त्या महिन्यात माझी आई थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून आली. आमच्या गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे, म्हणजे मानधनाच्या तक्त्यात सर्वांत खालच्या गटात बसणारे हे गाव.

वडिलांनी ती वही कोणाला दाखवण्यासाठी लिहिली नव्हती. ते सोसायटीत हिशेब लिहायचे, त्यामुळे पैसा घरातून बाहेर पडला की नोंद करायची, ही त्यांची जुनी सवय होती. तालुक्याला एस.टी.ने जाणे-येणे, ग्रामसभेच्या कागदांच्या झेरॉक्स, घरी येणाऱ्यांसाठी महिन्याची जादा साखर आणि चहापत्ती, रात्री पडलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी केलेली जीप, अशा त्या नोंदी आहेत. काही नोंदींपुढे ‘येणे’ असा शेरा आहे. एप्रिल महिन्यात पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे नव्हते आणि गाव तहानलेले ठेवणे शक्य नव्हते, म्हणून रिवाइंडिंगचे चार हजार रुपये आईने घरातून दिले. त्या रकमेपुढेही ‘येणे’ लिहिले आहे. ज्या रकमा परत आल्या त्यांवर वडिलांनी लाल शाईने आडवी रेघ मारलेली आहे. चार हजारांवर रेघ नाही.

आई सरपंच होण्यापूर्वी घरी शिवणकाम करीत असे. लग्नसराईत महिन्याला सात-आठ हजार रुपये सहज सुटत. पण ब्लाउज ठरल्या दिवशी मिळाला नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही, आणि ज्या दिवशी पंचायत समितीत बैठक असेल त्या दिवशी मशीनवर बसता येत नाही. दोन हंगामांत तिची सगळी गिऱ्हाइके पलीकडच्या आळीतल्या बाईंकडे गेली. मशीनवर जुने लुगडे टाकून ते कोपऱ्यात सरकवले गेले आणि त्यावर ग्रामपंचायतीच्या फायली ठेवल्या जाऊ लागल्या. त्या वेळी आईला मिळणारे मानधन महिन्याला एक हजार रुपये होते, तेही पाच-सहा महिन्यांचे एकदम येत असे.

लोकप्रतिनिधींच्या पगाराचा विषय निघाला की आपण आमदार-खासदारांविषयी बोलतो आणि चिडतो. त्या चिडीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु महाराष्ट्रात सत्तावीस हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि तितकेच सरपंच आहेत. संख्येने पाहिले तर या राज्यातील लोकप्रतिनिधी म्हणजे मुख्यतः हेच लोक. त्यांना काय मिळते, त्यांच्या घराला काय सोसावे लागते, आणि हे असेच चालू राहिले तर उद्या या पदावर कोण बसू शकेल, यावर इथल्या जाणत्या मंडळींनी मोकळेपणाने लिहावे, एवढ्यासाठी हा धागा काढते आहे.

दप्तरदार

मी पंचायत समितीत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा विषय मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. प्रथम आकडे नीट मांडतो, कारण या विषयावर बोलताना बहुतेकांचे आकडे जुने असतात.

२०१९ पर्यंत सरपंचाचे मानधन गावाच्या लोकसंख्येनुसार १,०००, १,५०० आणि २,००० रुपये होते. २०१९ मध्ये ते ३,०००, ४,००० आणि ५,००० झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट करण्याचा निर्णय झाला, म्हणजे दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाच्या सरपंचाला ६,०००, दोन ते आठ हजार लोकसंख्येसाठी ८,००० आणि त्याहून मोठ्या गावासाठी १०,००० रुपये. उपसरपंचाला अनुक्रमे २,०००, ३,००० आणि ४,०००. ही रक्कम पूर्णपणे शासनाच्या तिजोरीतून येत नाही. काही हिस्सा ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा लागतो, आणि घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली जिथे रखडलेली असते तिथे मानधनही रखडते.

आता याची तुलना रोजगार हमीच्या मजुरीशी करून पाहा. २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रात ती दिवसाला २०३ रुपये होती. म्हणजे निरगुडी ताईंच्या आईला महिनाभर गावाचा कारभार पाहून जे मिळत होते, त्याहून अधिक रक्कम त्याच गावातील मजुराला नाला सरळीकरणाच्या कामावर पाच दिवस गेल्यावर मिळत होती. २०२५-२६ साठी ही मजुरी ३१२ रुपये ठरली आणि लहान गावाच्या सरपंचाचे मानधन दिवसाला दोनशे रुपये पडते. त्या मजुराच्या हजेरीपटाची जबाबदारी ज्या ग्रामपंचायतीवर आहे, तिच्या प्रमुखाची ही स्थिती आहे. मजुराला जास्त मिळते अशी माझी तक्रार मुळीच नाही, त्याला याहून अधिक मिळायला हवे. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय या पदाकडे आपण कसे पाहतो हे ध्यानात येत नाही.

कामाचे म्हणाल तर दरमहा मासिक सभा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा, त्याआधी महिलांची ग्रामसभा, वार्षिक विकास आराखडा, वित्त आयोगाच्या निधीची डिजिटल स्वाक्षरी, घरकुलांच्या याद्या, टंचाईचे प्रस्ताव, अतिक्रमणाच्या तक्रारी आणि दोन भावांच्या बांधाचे भांडण, हे सर्व आलेच. आणि चूक झाली, किंवा झाली असे कोणी म्हटले, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली चौकशी लागते. कर्मचाऱ्याला चौकशीच्या काळात संघटना असते, निलंबन झाले तरी निर्वाह भत्ता असतो. सरपंचाला वकिलाची फी खिशातून भरावी लागते.

कऱ्हाकाठ

सरपंचांच्या बाबतीत दोघांशीही मी सहमत आहे. परंतु धाग्याच्या शीर्षकात आमदारांचे वेतन आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो, आणि ती मांडताना माझा स्वर कठोर झाला तर त्यामागचे कारण समजून घ्यावे.

मी २००८ साली शिक्षण खात्यात रुजू झालो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेल. मार्च २०२३ मध्ये आम्ही सात दिवस संप केला. त्या सात दिवसांत आम्हाला वारंवार ऐकवले गेले की राज्याच्या तिजोरीवर एवढा भार टाकणे परवडणार नाही. हे ऐकवणाऱ्या सभागृहाच्या सदस्याला मात्र एकदा निवडून आल्यावर पुढे आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळते, आणि जितकी वर्षे अधिक तितकी त्यात भर पडते. २०१६ च्या पावसाळी अधिवेशनात आमदारांचे मासिक वेतन-भत्ते सुमारे पाऊण लाखावरून दीड लाखाच्या पुढे नेणारे आणि निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार करणारे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. राज्यात सलग दुष्काळाची वर्षे नुकतीच सरली होती. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात होते.

मला वाढीच्या रकमेपेक्षा चर्चा झाली नाही याचे दुःख अधिक आहे. आमदाराला दोन लाख रुपये का लागतात, हे सभागृहात उभे राहून कोणी हिशेबानिशी सांगितले असते, तर माझ्यासारख्या माणसाने ते ऐकून घेतले असते. ज्यांना स्वतःचा पगार स्वतः ठरवता येतो त्यांनी निदान तो उजेडात ठरवावा, इतकी अपेक्षा रास्त आहे. सार्वजनिक जीवनातील त्यागाविषयी मला आदर आहे. पण जिथे पन्नास हजारांची कायमची सोय आहे तिथे तो शब्द वापरताना जपावे, असे मला मनापासून वाटते.

शिवारवाट

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एस.टी.ने फिरले. आमच्या भागात त्यांना ओळखत नाही असे घर नव्हते. पगार कितीही असो, माणूस सरळ असला की सरळच राहतो. प्रश्न पैशाचा नसून माणसाचा आहे.

अभिलेख

गणपतरावांविषयी शिवारवाट यांनी लिहिले ते खरेच आहे आणि त्यांच्याविषयी माझ्याही मनात तितकाच आदर आहे. तरीही अशा एका माणसाच्या चारित्र्यावरून व्यवस्थेचा नियम बांधता येत नाही, आणि ही गोष्ट आपल्याच प्रांतात फार पूर्वी बोलली गेलेली आहे.

साधेपणाने लोकसेवा करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य या नात्याने जवळजवळ वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर शिकवत राहिले आणि पुढे १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यांनी अल्प निर्वाहवेतनावर आयुष्य देशाला वाहावे हेच तत्त्व त्यांनी पायाशी ठेवले. इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की गोखल्यांनी सदस्यांना फुकट राबण्यास सांगितले नव्हते. कुटुंबाची काळजी संस्थेने वाहावी आणि सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवण्याच्या मागे लागू नये, असा तो दुहेरी करार होता. आपण त्यातला त्याग तेवढा लक्षात ठेवला आणि संस्थेने उचललेली जबाबदारी विसरलो.

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला की सरकारी नोकराचा पगार सर्वसाधारणपणे महिना ५०० रुपयांहून अधिक नसावा. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे आली, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले आणि मंत्र्यांचा पगार त्याच ५०० रुपयांवर ठेवण्यात आला. ब्रिटिश अमदानीतील मंत्र्यांचे वेतन पाहिलेल्या लोकांना हा मोठाच त्याग वाटला आणि तो होताही. मात्र त्याच वर्षी मुंबई विधानसभेत मंत्र्यांच्या वेतनाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विचाराला हरकत घेतली. पगार ठरवताना केवळ देशातील राहणीमान पाहून चालणार नाही, तर त्या पदासाठी लागणारी कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता यांचाही विचार केला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. सभागृहातील टाळ्यांच्या विरुद्ध दिशेने जाऊन हे बोलायला धैर्य लागते. ज्याच्या घरी वडिलोपार्जित जमीन किंवा चालती वकिली आहे त्याला ५०० रुपयांत मंत्रिपद भूषवता येते. गिरणी कामगाराच्या, महाराच्या किंवा कुळाच्या मुलाने ते कशाच्या बळावर भूषवावे, हा प्रश्न त्या हरकतीतून आपोआप उभा राहतो.

विलायतेतही लढा याच मुद्द्यावर झाला होता. १८३८ च्या चार्टिस्टांच्या, म्हणजे मतदानाचा हक्क मागणाऱ्या चळवळीच्या, सहा मागण्यांमध्ये खासदारांना पगार द्यावा ही एक मागणी होती आणि ती श्रीमंतांनी नव्हे, कामगारांनी केली होती. ती प्रत्यक्षात यायला १९११ साल उजाडले. स्वतंत्र भारताने राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ मध्ये खासदारांच्या वेतनाची तरतूद केली आणि १९५४ च्या कायद्याने ते महिना ४०० रुपये ठरले. गरिबाला कायदेमंडळात बसता यावे, हा लोकप्रतिनिधीच्या पगाराचा मूळ हेतू आहे. आज आपण पगार बंद करा म्हणतो तेव्हा नकळत हीच वाट बंद करायला निघतो.

पायवाट

मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. निरगुडी यांच्या आईच्या शिलाई मशीनचे वाचून राहवले नाही.

माझे यजमान एक वेळ जिल्हा परिषद सदस्य होते. आमचे घर खाऊनपिऊन सुखी, त्यामुळे मानधनावर काही अडले नाही. आम्हाला पगार पुरला नाही ही अडचण नव्हतीच. कितीही पगार असता तरी तो पुरला नसता, कारण लोक प्रतिनिधीकडून जे मागतात त्याचा पगाराशी काही संबंध नसतो. वैशाखात एका दिवशी सात लग्नांच्या पत्रिका आलेल्या असत. प्रत्येक ठिकाणी जायचे, आहेर द्यायचा. गेलो नाही तर ‘निवडून आल्यावर विसरले’ हे वाक्य गावभर होते. गणपती मंडळांची वर्गणी, जत्रेतल्या कुस्त्यांचे इनाम, भजनी मंडळाला पखवाज, क्रिकेटच्या सामन्यांची ढाल, कोणाच्या तरी मुलीची कॉलेजची फी. दहाव्याला नदीवर पोहोचायला उशीर झाला तर तेही मनात धरणारे लोक आहेत. यांतली एकही गोष्ट कायद्याने सदस्याच्या कामात येत नाही आणि यांतली एकही चुकवून पुन्हा निवडून येता येत नाही.

पहाटे साडेपाचला अंगणात माणसे असत. धाकट्या मुलीला न्यूमोनिया झाला होता, तेव्हा तिला कुशीत घेऊन मी आतल्या खोलीत बसले होते आणि बाहेर बसलेल्या आठ जणांसाठी चहा टाकायला मलाच उठावे लागले. यजमान त्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या मुलाला जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल करायला गेले होते. त्या मुलाचा जीव वाचला याचा मला आजही आनंद आहे. पण त्या रात्रीचे माझ्या मनात जे राहिले आहे ते राहिले आहे. पाच वर्षांत आम्ही दीड एकर जमीन विकली. पुढच्या निवडणुकीला उभे राहायचे नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा सासूबाई देवापुढे साखर ठेवून आल्या.

ज्यांच्याकडे विकायला दीड एकर नसते ते काय करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते ठेकेदाराला जवळ करतात. पहिल्या वर्षी नाइलाजाने, दुसऱ्या वर्षी सवयीने. तेव्हा पगार वाढवा किंवा कमी करा, लोकांनी प्रतिनिधीकडे आहेर आणि वर्गण्या मागणे थांबवले नाही तर पैसा कुठून तरी येतच राहणार.

टेम्सकाठ

पायवाट ताई, आपण लिहिलेले दोनदा वाचले.

मी बावीस वर्षे लंडनमध्ये राहतो. कऱ्हाकाठ सरांचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे त्यावर काय उपाय झाला ते सांगतो. २००९ मध्ये इथल्या खासदारांनी भत्त्यांच्या नावाखाली लावलेली बिले उघडकीस आली आणि देश हादरला. त्यानंतर पगार आणि भत्ते ठरवण्याचा अधिकार संसदेकडून काढून एका स्वतंत्र वैधानिक मंडळाकडे देण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये खासदाराचे वेतन वर्षाला ९३,९०४ पौंड झाले. खासदार स्वतः त्यावर मत देत नाहीत, आणि प्रत्येकाने केलेला खर्च लोकांना पाहता येतो. निवृत्तिवेतन आहे, पण त्यासाठी खासदाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते. भारतात खासदाराच्या निवृत्तिवेतनाला अशी वर्गणी नाही.

भारतात संसदेने २०१८ मध्ये काही अंशी हा मार्ग धरला. खासदारांचे वेतन एक लाख करताना ते दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप बदलेल अशी तरतूद केली गेली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघून १ एप्रिल २०२३ पासून वेतन १,२४,००० रुपये आणि माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० रुपये झाले. स्वतःच स्वतःला वाढ द्यायची हा अवघडलेपणा त्यामुळे कमी झाला. परंतु मुळात रक्कम योग्य आहे का, हे तपासणारे त्रयस्थ कोणी नाही. पंजाबने २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून आले तरी आमदाराला एकच निवृत्तिवेतन असा कायदा केला, म्हणजे राज्यांनी मनात आणले तर ती करू शकतात.

एक गोष्ट मात्र पगाराने भरून निघत नाही. २०१६ मध्ये जो कॉक्स आणि २०२१ मध्ये डेव्हिड एमेस हे दोन खासदार आपल्याच मतदारसंघात, मतदारांना भेटण्याच्या कामावर असताना मारले गेले. एमेस यांची हत्या झाली त्यानंतर काही दिवसांनी मी आमच्या खासदारांच्या साप्ताहिक भेटीला गेलो होतो, मुलाच्या शाळेच्या कामासाठी. दारात पोलीस उभा होता. आत खासदारबाई नेहमीप्रमाणे वही उघडून बसल्या होत्या. त्यांचा हात किंचित थरथरत होता, तरी त्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले.

दप्तरदार

टेम्सकाठ यांनी विषय काढलाच आहे, तर आपल्याकडचेही सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. खटला न्यायालयात आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहिणे योग्य नाही. पण ज्या पदाचे मानधन मजुरीहून कमी आहे त्या पदावरील माणूस आपल्या गावासाठी कुठवर जातो, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले. माझ्या नोकरीत मला धमकीचे दोन फोन आले होते, आणि दोन्ही वेळा माझ्यामागे कार्यालय होते. सरपंचामागे त्याचे घर असते, बाकी कोणी नसते.

रकमेपेक्षा मला तीन-चार व्यवहाराच्या गोष्टी निकडीच्या वाटतात. मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला थेट खात्यात जावे आणि ते गावाच्या करवसुलीवर अवलंबून नसावे. कामासाठी केलेला प्रवास आणि आणीबाणीत घरातून दिलेली रक्कम यांची परतफेड मागता येईल असा साधा फॉर्म ग्रामपंचायतीत असावा. कलम ३९ च्या चौकशीत निर्दोष ठरलेल्या सरपंचाला वकिलाचा खर्च परत मिळावा. आणि पदावर असताना काही बरेवाईट झाले तर कुटुंबाला विम्याचे संरक्षण असावे. यांतल्या कशालाही मोठी तिजोरी लागत नाही.

कऱ्हाकाठ

अभिलेख यांनी सांगितलेली १९३७ ची हरकत मला ठाऊक नव्हती. ती वाचल्यापासून माझ्या मनातली मांडणी थोडी हलली आहे, हे कबूल करतो. पगार असूच नये असे मी कधीच म्हटले नव्हते, पण तो शक्य तितका कमी असावा असे मला वाटत होते. आता असे वाटते की कमी पगाराने प्रामाणिक माणूस येत नाही, ज्याला पगाराची गरज नाही असा माणूस येतो.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र माझे मत तसेच आहे. माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली, म्हणजे ते घटनाबाह्य नाही हे ठरलेले आहे. जे घटनाबाह्य नाही ते न्याय्य असेलच असे नाही. एका कार्यकाळानंतर जन्मभर ५० हजार आणि पाच वर्षे गाव सांभाळलेल्या बाईला पद सुटल्यावर काहीच नाही, या दोन्हींना एकच ‘लोकसेवा’ हे नाव कसे द्यायचे? आमदारांच्या निवृत्तिवेतनात त्यांची स्वतःची वर्गणी असावी, आणि वेतन ठरवणारे मंडळ विधिमंडळाबाहेरचे असावे, एवढे झाले तर मी आमदाराच्या पगाराविषयी पुन्हा तक्रार करणार नाही.

शिवारवाट

पायवाट ताईंचे वाचून माझे आधीचे विधान अपुरे होते असे वाटते. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात आमचे आमदार अर्धा तास उशिरा आले म्हणून मी चारचौघांत बोललो होतो. ते त्या दिवशी आणखी कुठून कुठून आले असतील याचा विचार तेव्हा मनात आला नाही.

निरगुडी

सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार.

दप्तरदार काकांनी चौकशीचा उल्लेख केला आहे, म्हणून हेही सांगते की आईविरुद्धही कलम ३९ खाली तक्रार झाली होती. रस्त्यावरचे दिवे जास्त दराने घेतले, असे त्यात म्हटले होते. चौकशीत काही निघाले नाही, पण ते सिद्ध व्हायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत आई किराणा आणायला दुकानात जायची थांबली होती, कारण तिथल्या बाकड्यावरची माणसे ती आली की बोलणे थांबवत. वहीत वकिलाच्या फीच्या तीन नोंदी आहेत. त्या दुकानाची नोंद वडिलांना करता आली नाही.

‘मानधन’ या शब्दावर मी या दिवसांत बराच विचार केला. आमदाराला मिळते ते वेतन, आणि पुढे निवृत्तिवेतन. सरपंचाला, अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना मिळते ते मानधन. ज्या कामाला वेतन म्हणतात त्याला रजा असते, तारीख असते, मागण्याचा हक्क असतो. ज्याला मानधन म्हणतात त्याच्यासाठी मागायला गेले की मागणाऱ्यालाच ओशाळे वाटते, कारण मानासाठी पैसे मागायचे कसे? आईने थकलेल्या मानधनासाठी कधी तोंड उघडले नाही, त्याचे कारण मला आता कळते. म्हणून रकमेइतकाच हा शब्द बदलण्याचा आग्रह धरावा, असे मला वाटते. अभिलेख यांनी सांगितलेल्या १९३७ च्या वादातला प्रश्न मुंबईच्या सभागृहापुरता नव्हता, तो आमच्या ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत येतो.

काल आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. पायवाट ताईंच्या मुलीच्या आजारपणाचा भाग आला तेव्हा तिने हातातले काम खाली ठेवले. पगाराचे आकडे ऐकून ती काही बोलली नाही. पाच वर्षांतले काय चांगले वाटते, असे मी विचारले, तर म्हणाली की वरच्या वाडीला नळ गेला, तिथल्या बायका अजून हाक मारून थांबवतात. आणि काय राहून गेले असे विचारल्यावर ती म्हणाली, तुझी बारावी. त्या वर्षी तिने माझा एकही पेपर कोणता ते विचारले नव्हते. मला ते आठवतही नव्हते, तिने मात्र मनात ठेवले होते.

शिवणकाम तिने दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केले. जुनी गिऱ्हाइके फारशी परतली नाहीत, शाळेच्या गणवेशांची कामे मिळतात. येत्या निवडणुकीत गावचे पद पुन्हा महिलांसाठी राखीव निघाले तर माझ्या चुलतभावाची बायको उभी राहायचे म्हणते. तिच्या नावावर जमीन नाही, तिचा नवरा तालुक्याच्या दुकानात नोकरीला आहे. ती परवा आईकडे आली होती. आईने तिला जा किंवा नको जाऊ यांतले काहीच सांगितले नाही. माळ्यावरची ती वही काढून तिच्या हातात दिली आणि सावकाश वाच म्हणाली. वही अजून तिच्याकडेच आहे.